18 लिटर दुधाचा हिशेब

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ठरली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, अहवालाला मुदत 18 महिने. आयोग केंद्राचा असला तरी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी हाच विषय निघतो. फिटमेंट किती मिळणार, राज्य किती वर्षं घोळ घालणार, थकबाकी रोख मिळणार की भविष्य निर्वाह निधीत जमा होणार. कचेरीच्या फाटकाबाहेर याच बातमीवर दुसरा सूर लागतो : यांना अजून किती द्यायचं?

हे दोन्ही सूर मला एकाच घरात ऐकायला मिळाले. आत्या राज्याच्या लेखा व कोषागारे खात्यातून 2021 मध्ये निवृत्त झाल्या. नोकरीचा बराच काळ वेतन पडताळणी पथकात गेला, त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेल्या सेवापुस्तकांना गणती नाही. भाचा माझा मित्र. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत त्याचं मशीन शॉप आहे, 14 माणसं कामाला. भाच्याच्या इंजिनिअरिंगची फी आत्यांच्या पगारातून गेली होती. वादात दोघांनीही ते काढलं नाही, म्हणून मी इथे नोंदवून ठेवतो.

भाचा : आत्या, दर दहा वर्षांनी तुमचा पगार अडीच पट होतो. माझं एक मोठं गिऱ्हाईक आहे, त्यानं जॉबवर्कचा दर गेल्या चार वर्षांत एकदाच वाढवला, तोही नगामागे दीड रुपयानं. तुमचा हा अडीच पटीचा पैसा येतो कुठून?

आत्या : अडीच पट कुणाचा झाला ते आधी दाखव. कागद घे. 2009 च्या सुमाराला लागलेला एक लिपिक धर. 1 जानेवारी 2016 ला त्याचं पे बँडमधलं वेतन 7,360 आणि ग्रेड पे 1,900, मिळून 9,260. त्यावर महागाई भत्ता 125 टक्के. म्हणजे सातवा आयोग लागायच्या आधीच हातात 20,835 रुपये होते. आता 9,260 ला फिटमेंटच्या 2.57 नं गुण.

भाचा : 23,798.

आत्या : पे मॅट्रिक्समध्ये एस-6 च्या रकान्यात त्याच्या लगतचा वरचा टप्पा 23,800. हा झाला नवा मूळ पगार, आणि त्याच दिवशी महागाई भत्ता झाला शून्य. वाढ किती? 2,965 रुपये. चौदा टक्क्यांच्या किंचित वर. तुमच्या पेपरवाल्यांनी 2.57 छापलं, त्यातलं 2.25 हे नुसतं मूळ वेतन अधिक आधीच मिळत असलेला भत्ता होता, हे छापलं नाही.

भाचा : बरं, चौदा टक्के. पण ते महागाईच्या वरचे आहेत ना? महागाईची भरपाई तर तुम्हाला जानेवारी आणि जुलैला मिळतच असते. शिवाय दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ.

आत्या : किमान वेतनालाही दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता लागू होतो. तू देतोस की नाही?

भाचा : देतो. इन्स्पेक्टर येतो म्हणून देतो, खोटं कशाला बोलू. पण माझा मुद्दा वेगळा आहे. सहाव्या आयोगाला किती वाढ होती ते तू मघाशी गाळलंस.

आत्या : गाळलं नाही, यायचं होतं. सातव्या आयोगानं स्वतःच्या अहवालात तक्ताच दिलाय. महागाई वजा केल्यावर खरी वाढ चौथ्या आयोगात 27.6 टक्के, पाचव्यात 31, सहाव्यात 54 आणि सातव्यात 14.3. न्यायमूर्ती श्रीकृष्णांचा तो सहावा. 2008 साली सरकारच्या तिजोरीत पैसा होता, आम्हाला मिळाला. 2015 साली मिळाला नाही. पण लोकांच्या डोक्यात अजून सहावाच बसलाय.

हा तक्ता मी पुन्हा उघडून पाहिला आणि मला त्याहून जास्त रस वाटला तो अध्यक्षांच्या यादीत. 1946 चे वरदाचारियार, मग जगन्नाथ दास, रघुबर दयाळ, सिंघल, रत्नवेल पांडियन, श्रीकृष्ण, माथूर आणि आता देसाई. आठही जण न्यायाधीश. सरकारी पगार हा आपल्याकडे भाव ठरवण्याचा विषय मानलाच गेला नाही, तो तंटा मिटवण्याचा विषय मानला गेला. राज्यात मात्र निराळं. इथे केंद्राचा अहवाल हातात आल्यावर समिती नेमतात, आणि तिच्यावर सनदी सेवेतला निवृत्त अधिकारी असतो. सहाव्याच्या वेळी हकीम, सातव्याच्या वेळी बक्षी. भाच्यानं हेच नेमकं पकडलं.

भाचा : परीक्षार्थीच परीक्षक! ज्याचं स्वतःचं पेन्शन त्या तक्त्यावर ठरणार, तोच तक्ता तपासणार.

आत्या : मग कुणाला बसवू? तुझ्या असोसिएशनच्या अध्यक्षांना? ते म्हणतील शिपायाला आठ हजार पुरेत.

भाचा : ते म्हणायला असोसिएशन कशाला हवी? सातव्या आयोगानंच आयआयएम अहमदाबादकडून अभ्यास करून घेतला होता. सरकारातल्या सर्वांत खालच्या माणसाला, जनरल हेल्परला, सगळं मिळून 22,579 रुपये पडत होते आणि त्याच कामाला खासगीत आठ ते साडेनऊ हजार. दुपटीहून जास्त. अहवालात छापलंय, मी रचलेलं नाही.

आत्या : आणि वरच्या टोकाला? सरकारी डॉक्टर, इंजिनिअर, सचिव? कॅबिनेट सचिवाला अडीच लाख ठरवले. तुझ्या ओळखीत एखाद्या मोठ्या कंपनीचा व्यवस्थापक अडीच लाखांवर राबतो का? आमच्याकडे खालचा माणूस बाजारापेक्षा वर आणि वरचा बाजारापेक्षा खाली. हे चुकून झालेलं नाही, असंच ठेवायचं म्हणून ठेवलंय.

भाचा : कशासाठी?

आत्या : दुधासाठी.

इथे आत्यांनी जो विषय काढला तो कचेरीतल्या निम्म्या लोकांनाही माहीत नसतो. मोजमाप असं : 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं एक परिमाण ठरवलं. त्याच्या मुळाशी डॉ. वॉलेस आयक्रॉइड या आहारतज्ज्ञाचा हिशेब आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, राहायला घर, आणि सरपण-दिवाबत्तीला वर थोडं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, दोन मुलं, पण खाणारी तोंडं तीन धरायची. मुलं नि बाई मिळून दोन. सातव्या आयोगानं हाच हिशेब पुन्हा मांडला. महिन्याला तांदूळ-गहू 42.75 किलो, डाळ 7.2 किलो, दूध 18 लिटर, अंडी 90, तेल 3.6 किलो, मटण 5 किलो, मासे अडीच किलो. त्यावर कपडे, साबण, इंधन, घर, सणवार, शिक्षण यांची भर घालत घालत बेरीज नेली आणि ती 18,000 वर पूर्ण केली. केंद्रातल्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन ठरलं ते असं.

आत्या : म्हणजे बघ, शिपायाला 18,000 का, तर बाजारात शिपाई केवढ्याला मिळतो हे आयोगानं विचारलंच नाही. कुटुंब जगायला काय लागतं हे विचारलं. हा प्रश्न 1946 पासूनचा आहे. वरदाचारियार आयोगानं भत्त्यासकट 55 रुपये ठरवले तेव्हाही तोच होता. सरकार जर साडेनऊ हजारांवर माणूस ठेवायला लागलं तर तू उद्या सात हजारांवर ठेवशील.

भाचा : मी सात हजारांवर ठेवला तर तो शेजारच्या गाळ्यात जाईल. बाजार इतका आंधळा नाही, आत्या. आणि तुझ्या त्या दुधाचं मला कौतुक आहे, पण ते दूध नाशिकच्या एका रस्त्यावरच आटतं. इन्कम टॅक्सच्या ऑफिसातल्या शिपायाला सुरुवात 18,000 आणि कलेक्टर कचेरीतल्या शिपायाला 15,000. दोघंही एकाच वाण्याकडून डाळ घेतात.

आत्या : ते वेगळं आहे.

भाचा : काय वेगळं?

आत्या : केंद्रानं सहाव्या आयोगात आपल्या ड वर्गाला प्रशिक्षण देऊन क वर्गात घेतलं, त्यांना ग्रेड पे 1,800 आला. राज्यानं शिपायाला 4,440 आणि 1,300 वर ठेवला. 5,740 गुणिले 2.57 केलं की 14,752 येतात. मग एस-1 ची सुरुवात 15,000. बक्षी समितीपुढे तोच गुणाकार होता.

भाचा : बघ! म्हणजे 18,000 दुधातून आले आणि 15,000 गुणाकारातून आले. कॅलरी बाजूला राहिल्या. राज्यात वेतनश्रेणी ठरते ती मागच्या वेतनश्रेणीवरून, आणि ती त्याच्या मागच्या.

आत्या या वेळी लगेच बोलल्या नाहीत. मला वाटतं भाच्याचा हा टोला वर्मी लागला, आणि तो योग्यही होता. राज्याच्या वेतनश्रेण्या वंशावळीसारख्या चालतात. नवा आकडा कुठून आला विचारलं तर बापाचं नाव सांगतात, काम कुणी सांगत नाही. त्यामुळे भांडणंही भाऊबंदकीची. आत्यांनी पुढे जे सांगितलं ते त्या पथकातच बसलेला माणूस सांगू शकतो.

आत्या : संघटनांची निवेदनं मी ढिगानं वाचलीत. आम्ही उपाशी आहोत, असं एकही संवर्ग लिहीत नाही. लिहितात ते असं की, अमुक संवर्गाची शैक्षणिक अर्हता आमच्यासारखीच असताना त्यांना एस-8 आणि आम्हाला एस-7. तलाठ्याला 25,500, पोलीस शिपायाला 21,700, लिपिकाला 19,900. लिपिक म्हणतो, मीही पदवीधर, तलाठीही पदवीधर, मग साडेपाच हजारांचा फरक कशाचा? तलाठी म्हणतो, पंचनाम्याला चिखलात मी जातो, हा पंख्याखाली बसतो. पोलीस म्हणतो, तुम्हा दोघांना रविवार असतो. आता ठरव.

भाचा : मला कळतं कोण जास्त राबतो.

आत्या : तुझ्या 14 जणांत कळतं. सरकारात शेकड्यांनी संवर्ग आहेत. म्हणून तर सातवा आयोग 2019 च्या जानेवारीत राज्यात प्रत्यक्ष लागला, बक्षी समितीचा दुसरा खंड 2023 मध्ये मान्य झाला, त्यातूनही उरलेल्या त्रुटींसाठी 2024 मध्ये मुकेश खुल्लर समिती नेमली, तिचा अहवाल स्वीकारायला 2025 चा जून उजाडला. आणि आठव्याची घोषणा झाली 2025 च्या जानेवारीत! सातव्याचं निस्तरून होईपर्यंत आठवा दारात.

भाचा : हे तू माझ्या बाजूनं बोलतेयस, लक्षात आलं का?

आत्या : मी कुणाच्याच बाजूनं नाही, मी सेवापुस्तकाच्या बाजूनं आहे.

कामगिरीवर पगार हा मुद्दा भाच्यानं काढला, पण त्यावर फार वेळ गेला नाही. सातव्या आयोगानं सुचवलं होतं की आश्वासित प्रगतीचा लाभ ‘अतिउत्तम’ शेरा असलेल्यालाच द्यावा आणि 20 वर्षांत कसोटीला न उतरलेल्याची वेतनवाढ थांबवावी. आत्यांचं म्हणणं, शेरा लिहिणारा साहेब असतो आणि साहेबाच्या घरची कामं करणाऱ्याला ‘अतिउत्तम’ मिळतो. भाच्याचं म्हणणं, मग साहेब बदला. दोघांनाही ठाऊक होतं की यातलं काही घडणार नाही. जुन्या पेन्शनचा विषयही दोघांनी शहाणपणानं टाळला. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला या एका तारखेवर घराघरांत इतकं बोलून झालंय की नवीन काही उरलेलं नाही.

खरी जुंपली ती भरतीवरून.

भाचा : 2023 ची तलाठी भरती आठव. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांवर अर्ज, अर्जाला हजार रुपये फी. माझ्याकडचा एक पोरगा बी.ए. आहे, लेथवर चांगला हात बसलाय. त्यानं उसने पैसे घेऊन अर्ज भरला. एवढी झुंबड का? तलाठ्याचं काम एवढं गोड आहे का? बाजारात ज्या मालाला एका जागेमागे दोनशे गिऱ्हाइकं येतात, त्याचा भाव चुकलेला असतो.

आत्या : किंवा बाकीच्या बाजारात माल नसतो. तुझ्याकडे त्या पोराला काय मिळतं?

भाचा : ओव्हरटाइम धरून 17,000.

आत्या : आणि पन्नाशीला काय मिळेल?

भाचा : पन्नाशीपर्यंत मी तरी गाळ्यात असेन का?

आत्या : मग तो पगारासाठी अर्ज भरत नाही. तो पन्नाशीसाठी भरतो. आणि त्याला तो हजार रुपयांचा अर्ज भरायला साडेचार हजारच जागा का, हा प्रश्न तू विचारत नाहीस. राज्यात मंजूर पदांतली दोन लाखांहून जास्त पदं रिकामी पडलीत. भरली असती तर झुंबड निम्मी झाली असती.

भाचा : का भरत नाहीत?

आत्या : वित्त विभाग मान्यता देत नाही. पदांचा आकृतिबंध सुधारित करून आणा म्हणतो, आणला की पदं कमी करून आणा म्हणतो.

भाचा : वित्त विभाग का देत नाही? कारण एक तलाठी आत घेतला की तीसेक वर्षं पगार, त्याच्या पुढे पेन्शन, मग कुटुंब निवृत्तिवेतन. माणूस महाग झाला की घेणारा कमी माणसं घेतो. मी तेच करतो. सीएनसी घेतलं तेव्हा तीन माणसांचं काम एकावर आलं. तुमचा प्रत्येक आयोग पगार वाढवतो आणि त्याच दिवशी बाहेरच्यांसाठी दार थोडं लोटतो. तुमचीच वेतनश्रेणी त्या दोन लाख जागा खातेय, आत्या.

आत्या : असं सरळ नाही ते.

भाचा : मग कसं आहे?

आत्या : पाचव्या आयोगानं 1997 मध्ये सांगितलं होतं, पगार वाढवा आणि दहा वर्षांत 30 टक्के माणसं कमी करा. सरकारनं पगारवाढ घेतली, माणसं कमी करायचं उघडपणे नाकारलं. मतांचा प्रश्न होता. पण मग पुढच्या दारानं नाकारलं ते मागच्या दारानं आणलं. 2000 साली शिक्षणसेवक आला. तीन वर्षं महिना 3,000 रुपयांवर, वर्ग तोच, फळा तोच. पुढे 2023 मध्ये मानधन 16,000 झालं. शेजारच्या वर्गावरच्या नियमित शिक्षकाची सुरुवातच 29,200, वर भत्ते. अंगणवाडी सेविकेला तर पगार म्हणायचंच नाही, मानधन म्हणायचं, म्हणजे ती आयोगापुढे येतच नाही.

भाचा : आणि शिक्षणसेवक आला तो पाचव्या आयोगानंतर. योगायोग?

आत्या : योगायोग नाही म्हणत मी. पण दोष वेतनश्रेणीचा नाही. शिक्षकाला 29,200 पुरेसे आहेत असं एकदा सरकारनं मान्य केलं, तर त्याच कामाला 16,000 देणारं सरकारच अप्रामाणिक ठरतं. वेतनश्रेणी तर तो अप्रामाणिकपणा मोजून दाखवते.

भाचा : तू बाहेरच्यांना आत घ्या म्हणतेस. मी म्हणतो पैसे तेवढेच आहेत. राज्याच्या महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याजात जातो. दोन लाख माणसं 29,200 वर आत घ्यायची तर रस्ते, दवाखाने कशातून करणार?

आत्या : दवाखाने? दवाखान्यात नर्स नको का? रस्त्याला पैसा दिला तर तो विकास, आणि नर्सला दिला तर तो आस्थापना खर्च! हे हिशेबाचं पुस्तक मी आयुष्यभर चाळलंय.

इथे मी मध्ये पडलो. मला विचाराल तर भाच्याचं निदान बरोबर आहे आणि औषध चुकीचं, आत्यांचं नेमकं उलटं. पगार वाढला की पदं आटतात, हे वित्त विभागातला कुणीही खासगीत कबूल करील. पण उपाय म्हणून वेतनश्रेणी खाली आणली, तर रिकामी पदं भरली जातील असं मानायला आधार काय? शिक्षणसेवकाचा 3,000 चा दर तर अगदीच खाली होता. तेव्हा स्वस्त शिक्षक मिळाले म्हणून सरकारनं शाळांत जास्त शिक्षक भरले असं काही झालं नाही, उरलेल्या पैशाला दुसऱ्या वाटा फुटल्या. मी हे बोललो तर दोघंही माझ्यावर घसरले, म्हणून ते सोडलं. आत्यांनी मग आपल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट सांगितली.

आत्या : माझ्या शेजारच्या टेबलावर एक कंत्राटी मुलगी होती. बी.कॉम., टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. सेवार्थ या वेतनप्रणालीत आमच्या कचेरीचं वेतन देयक तीच तयार करायची. महिन्याच्या वीस-बावीस तारखेला माझ्याकडे यायची, मॅडम, तुमची वेतनवाढ धरली का बघा. माझं ढोबळ वेतन तिच्या बोटांखालून जायचं. तिला एजन्सीकडून 12,000, तेही दोन-दोन महिने अडकलेले. एकदा दिवाळीच्या तोंडावर आमचा पगार आगाऊ निघाला, देयक तिनंच केलं, आणि तिचा पाडव्यापर्यंत आला नाही.

भाचा : तू काय केलंस?

आत्या : मी काय करणार? तिचं बिल वेगळं जायचं.

भाचा : आणि आंदोलन? 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं नऊ एजन्सींमार्फत भरती करायचा आदेश काढला, तो बाहेरच्या पोरांनी रस्त्यावर ओरडा केला म्हणून ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. तुमच्या संघटनांनी त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस राज्य बंद पाडलं होतं. आप्पा आजोबा 1977 च्या संपात होते, र. ग. कर्णिकांच्या हाकेला ओ देऊन 54 दिवस घरी बसले, आजीनं वाण्याच्या वहीवर घर चालवलं. कशासाठी? केंद्राएवढ्या महागाई भत्त्यासाठी. मला त्याचा अभिमानच आहे. पण त्या शेजारच्या टेबलासाठी एक दिवस तरी पेन खाली ठेवलं का तुम्ही?

आत्या : निवेदनात कलम असतं. रिक्त पदे तातडीनं भरा, कंत्राटी पद्धत बंद करा.

भाचा : कितव्या क्रमांकावर?

आत्या : खाली असतं.

भाचा : मग आठव्याला माझी एक अट टाकायला सांग. राज्यानं नवा तक्ता लागू करायचा असेल तर त्याच शासन निर्णयात किती रिकामी पदं कोणत्या तारखेपर्यंत भरणार ते लिहायचं. पदं भरली नाहीत तर पुढचा हप्ता नाही. कार्यकक्षेतच लिहिलंय म्हणे, राज्यांच्या तिजोरीवर काय परिणाम होईल ते बघा. मग हेही बघा.

आत्या : म्हणजे पदं अडवणार वित्त विभाग आणि हप्ता अडणार शिपायाचा? छान न्याय आहे. मार्च 2020 चा पगार आम्ही दोन टप्प्यांत घेतला, दीड वर्ष गोठलेल्या महागाई भत्त्याची थकबाकी केंद्रानंही दिली नाही, सातव्याची थकबाकी पाच हप्त्यांत, तीही भविष्य निर्वाह निधीत. अडवायची सवय सरकारला आहे, तू नवीन कारण देऊ नकोस.

भाचा : मग दहा वर्षांचा हा तमाशा तरी बंद करा. दरवर्षी थोडं थोडं वाढवा.

आत्या : सातव्या आयोगानं तेच सुचवलंय! आयक्रॉइडच्या वस्तूंचे भाव सिमल्याच्या श्रम ब्यूरोकडे असतात, त्यावरून मॅट्रिक्स अधूनमधून तपासा, दहा वर्षं थांबू नका. कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर वर्षाला सव्वा टक्का वाढला असता आणि तुला कळलंही नसतं.

भाचा : कळायलाच हवं. जीएसटी मी भरतो.

आत्या : मग हेही कळू दे. तू मघाशी म्हणालास, निम्म्याहून जास्त पैसा वेतन, पेन्शन आणि व्याजात जातो. त्यातलं वेतन म्हणजे अर्थसंकल्पातली 01 क्रमांकाची बाब. ती मुलगी त्यात नाही. ती 10 मध्ये, कंत्राटी सेवा. झाडूपोछाचं कंत्राट जिथे पडतं तिथेच. पगारावर किती खर्च होतो यावर तुम्ही टीव्हीवर भांडता तेव्हा ती मुलगी ना तुमच्या आकड्यात असते, ना आमच्या. आयोगाची प्रश्नावली येईल, त्यात संवर्गनिहाय मंजूर पदं, भरलेली पदं, रिकामी पदं असे रकाने असतील. तिच्यासाठी रकाना नसतो. असला तरी भरणार कुठून? तिचं सेवापुस्तकच नाही.

भाचा : मग तूच लिही की. आयोगाला निवेदन कुणीही देऊ शकतं. पडताळणी पथकातली निवृत्त अधीक्षक म्हणून लिही, लोक वाचतील.

आत्या : एकटीचं कोण वाचतं? संघटनेमार्फत जायला हवं.

भाचा : निवृत्तांचीही संघटना आहे ना? तिच्यामार्फत दे.

आत्या : आहे. तिचं निवेदन परवाच गेलं.

भाचा : पहिली मागणी काय?

आत्या : पेन्शनच्या अंशराशीकरणाची, म्हणजे आगाऊ उचललेल्या रकमेची, कपात 15 वर्षांऐवजी 12 वर्षांत थांबवा. मीही सही केलीय.